भडकल गेट ते थत्ते हौद: एका नळकामवाल्याने केलेली शहरफेरी

पहिलं पैशाचं सांगून टाकतो, कारण वाचणारा तेच आधी शोधतो. संभाजीनगरच्या जुन्या भागातल्या या पायी फेरीला माणशी ४५० रुपये, त्यात मधला एक चहा आणि पाण्याची बाटली. पाणचक्कीचं आणि लेण्यांचं तिकीट आपलं आपण काढायचं, रिक्षाचे पैसे वाटून घ्यायचे. बायको, मुलगी आणि मी अशी आम्ही तिघं गेलो. खर्च धरला तर रविवारी सिनेमाला जाऊन वर हॉटेलात जेवून आलो असतो. मुलीनं बुकिंग केलं तेव्हा मी म्हणालोच होतो, "आपल्याच गावात फिरायचे पैसे कोण देतं बाई?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही गावात फिरत नाही, गाव खोदता." आता यावर काय बोलणार.

तिचं म्हणणं खोटं नाही. मी सिडकोत आणि मुकुंदवाडीकडं नळफिटिंगची कामं घेतो. संभाजीनगरात नळफिटिंग करणाऱ्याला देवळापेक्षा जास्त मान आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ते आलं की अर्धं शहर जागं होतं, आणि ज्याच्याकडं पाणी चढत नाही तो मला फोन करतो. टाकी, मोटार, व्हॉल्व्ह, प्रेशर यातच माझा दिवस जातो. म्हणून ही फेरी 'जुन्या शहरातलं पाणी' या नावाची निघाली तेव्हा मी गप्प बसलो. नुसते दरवाजे आणि बीबी का मकबरा दाखवणार असते तर आलो नसतो.

सकाळी साडेसहाला भडकल गेटपाशी जमायचं होतं. या शहरात साडेसहा म्हणजे सात, पण हे लोक वेळेवर निघाले, त्याचे मार्क द्यायला पाहिजेत. गाइड पंचविशीतलं पोरगं, जुन्या बाजारातलं. मराठी, उर्दू आणि आपली ती दोन्हींच्या मधली भाषा, तिन्ही सारखीच बोलणारं. गळ्यात अडकवायचा छोटा माइक होता, तो पाणचक्कीपर्यंत चालला आणि मग बंद पडला. पुढं बिचारं घसा ताणून बोलत होतं. मागचे लोक "काय म्हणाला, काय म्हणाला" करत राहिले. वीस-पंचवीस जणांना एक माइक आणि एकच बॅटरी, हे बरं नाही.

भडकल गेटखालून मी हजारदा गेलोय, मोटारसायकलवर मागं पाइप बांधून. थांबून वर पाहिलं ते आत्ता. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्यानं हे १६१२ साली मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलं. त्याआधी दोनच वर्षं, १६१० मध्ये, त्यानं खडकीला निजामशाहीची राजधानी वसवायला घेतली होती. औरंगजेबाची तटबंदी १६८२ ची, म्हणजे हे गेट तटापेक्षा सत्तर वर्षांनी जुनं. बाकीचे बरेच दरवाजे भिंतीत बसवायचे म्हणून बांधलेत, हे एकटं उभं राहायचं म्हणून बांधलंय. समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला इथं पाय ठेवायला जागा नसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पोरानं तेही सांगितलं, चारशे वर्षांपूर्वीवर थांबला नाही, हे मला आवडलं.

मग त्यानं पुऱ्यांची, म्हणजे जुन्या वस्त्यांची, यादी काढली. बावन दरवाजे, बावन पुरे हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कुठल्या पुऱ्याचं नाव कुणावरून हे किती जणांना माहीत असतं? मलिक अंबराच्या वेळी इथं मराठे सरदारांची वस्ती होती, मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांच्या नावाचे पुरे होते. नंतर मोगलांबरोबर राजपूत आले. बिकानेरचा राजा करणसिंह, त्याचा कर्णपुरा. त्याच्या मुलांचे पदमपुरा आणि केसरसिंगपुरा. आमची बायको पदमपुऱ्यातली. तिला बावीस वर्षं वाटत होतं की पदमपुरा म्हणजे कमळाचा काहीतरी. पदमसिंह नावाचा राजपूत निघाला. ती दिवसभर मला "आम्ही बिकानेरवाले" म्हणत होती. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला आपण जातो ते देऊळसुद्धा त्याच राजाचं म्हणतात.

इथपर्यंत सगळं ठीक. पण गर्दीत एकजण उठला आणि त्यानं तो प्रश्न विचारला, जो मराठवाड्यात प्रत्येक जुन्या भिंतीपाशी कुणीतरी विचारतोच: "इथून दौलताबादला भुयार जातं ना?"

आता बघा. आमच्या आंबड तालुक्यातल्या गावच्या गढीतून दौलताबादला भुयार आहे. मामाच्या गावच्या बारवेतून आहे. मेव्हण्याच्या गावच्या मठातून आहे, आणि त्यातून म्हणे घोडेस्वार भाला उभा धरून जात असे. एवढी भुयारं खरंच असती तर देवगिरीचा डोंगर केव्हाच खाली बसला असता. पोरगं हसलं. त्यानं खिशातून एक फोटो काढला: जमिनीत गोल तोंड, दगडी कठडा, खाली काळोख. म्हणाला, "काका, लोक ज्याला भुयार म्हणतात ना, ते बहुतेक वेळा हे असतं. नहरीचं मॅनहोल." इथून पुढं मी त्याच्या अगदी शेजारून चालायला लागलो.

नहर काय असते ते माझ्या भाषेत सांगतो, त्याच्या भाषेत ते जरा जास्तच शायराना झालं. शहराच्या उत्तरेला हर्सूल-जटवाड्याकडं डोंगर आहे. डोंगराच्या पायथ्याला जमिनीत पाणी झिरपतं. मलिक अंबराच्या माणसांनी तिथं खाली खोदून ते झिरपलेलं पाणी एका दगडी बोगद्यात गोळा केलं आणि नुसत्या ढाळानं शहरात आणलं. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. मधे मधे वरून उतरायला मॅनहोल, म्हणजे हवा खेळते आणि साफसफाईला माणूस खाली जातो. शहराजवळ आल्यावर बोगदा संपतो आणि मातीचे नळ सुरू होतात. हीच नहर-ए-अंबरी. पुढं मोगलांच्या आणि हैदराबादच्या निजामाच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. तिकडं बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमाराला असंच काम झालंय. ही विद्या इराणकडची, पण काळ्या खडकात ढाळ सांभाळून ती बसवणं वेगळं काम आहे. आणि मलिक अंबर स्वतः कोण? हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हिंडत हिंडत दख्खनमध्ये पोचलेला. खुलताबादला त्याची कबर आहे, तिथं फारसं कुणी जात नाही.

आता याच्या शेजारी आपलं आजचं ठेवा. आपण पाणी आणतो पैठणच्या जायकवाडीतून. तिकडून शहर शंभर मीटरहून जास्त उंचावर. म्हणजे प्रत्येक थेंब पंपानं वर ढकलायचा, तोही पन्नासेक किलोमीटर. लाइट गेली की पाणी गेलं. पाइप फुटला की पाणी गेलं. मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही. चारशे वर्षांपूर्वीचं शहर केवढं आणि आजचं केवढं, नहरीवर आज एक वॉर्डसुद्धा भागणार नाही. पण पाणी कुठल्या बाजूनं शहरात येऊ द्यायचं, एवढी अक्कल त्या माणसाला नकाशा, लेव्हल मशीन काही नसताना होती. खालच्या बाजूनं चढवायचं की वरच्या बाजूनं सोडायचं, हे घरातल्या टाकीला जेवढं लागू तेवढंच शहराला.

पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली असते. शाळेच्या सहलीत, पाहुणे आले की, लग्नानंतर जोड्यानं. म्हणून इथं लोक मोबाइल काढून सेल्फीला लागले आणि पोराला कुणी विचारीना. मला मात्र इथंच सगळ्यात जास्त वेळ पाहिजे होता आणि इथंच सगळ्यात कमी मिळाला. ही गोष्ट आयोजकांनी लिहून घ्यावी.

पाणचक्कीत बघायचं काय? लोक बघतात कारंजी आणि मासे. खरं बघायचं ते पाणी जिथून वरून पडतं ती भिंत. डोंगराकडून कित्येक किलोमीटर जमिनीखालून आलेला मातीचा नळ त्या भिंतीत वर चढतो आणि पाणी वरून खाली कोसळतं. पाणी आपली लेव्हल सोडत नाही, उगम उंच असला तर नळातून तेवढं वर ते आपोआप येतं. खाली पडणाऱ्या त्या धारेच्या जोरावर लोखंडी पात्यांचं चाक फिरायचं आणि त्यावर जातं. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ इथं दळलं जायचं. बाबा बुखाऱ्याकडचे. चक्की तुर्कताज खानानं १७४४ च्या सुमारास बांधली. दुसरी गोष्ट म्हणजे हौदाखालची खोली. तो लांबलचक हौद दिसतो ना, त्याचा तळ हाच खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर हजारो लिटर पाणी आणि खाली माणसं बसायची, उन्हाळ्यात गार. मी आयुष्यभर स्लॅबवरच्या टाक्यांची गळती काढतो. वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची गॅरंटी देतो आणि तिसऱ्या वर्षी फोन येतो. हे चुन्यातलं काम पावणेतीनशे वर्षं उभं आहे. मी त्या खालच्या दालनात छताकडं बघत फिरत होतो, ओल कुठं आहे ते हुडकत. आहे ओल, नाही असं नाही. दोन कमानींच्या सांध्यात पांढरं फुटलंय. तरी.

वडाचं झाड सहाशे वर्षांचं म्हणून सांगतात. असेल. मी झाडांतला माणूस नाही.

तिथून पुढं बेगमपुऱ्याकडं जाताना वाटेत एके ठिकाणी पोरगं थांबलं. बाजूला पडझड झालेला, वर पिंपळ उगवलेला दगड-विटांचा खांब होता, तिथून आपण गाडीवर जातो आणि कुणाची तरी पडकी भिंत समजून पुढं जातो. तो पाण्याचा मनोरा. खांबाच्या एका अंगानं नळ वर चढतो, माथ्यावर उघड्या हौदीत पाणी येतं आणि दुसऱ्या अंगानं खाली उतरून पुढं जातं. पोरानं सांगितलं, हवा निघून जावी आणि गाळ बसावा म्हणून. बरोबर आहे, पण निम्मं. मुद्दा प्रेशरचा आहे. नळ मातीचा. वीस-तीस फूट उंचीच्या पाण्याचा दाब सलग त्याच्यावर आला तर सांधा उखडणार. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर पाणी वर आणून मोकळ्या हवेत सोडायचं, म्हणजे तिथपर्यंतचा जोर तिथंच मोडतो आणि पुढच्या तुकड्याला नवा हिशेब. प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा जरा बुटका. आज आपण सात मजल्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यांना प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लावतो, जर्मन कंपनीचा, हजारांच्या घरात किंमत. इथं तेच काम वीट आणि चुना करतोय.

हे मी बोललो आणि लोक माझ्याकडं वळले. दोन-चार जणांनी प्रश्न विचारले. मुलगी लांब जाऊन उभी राहिली. पोरानं मात्र वही काढून लिहून घेतलं. गाइड असा असावा.

त्याच खांबाच्या पायथ्याला नळाचा एक फुटका तुकडा भिंतीत अडकलेला होता. गुडघ्यावर बसून पाहिला. लालसर भाजलेली माती, साधारण माझ्या मनगटाहून जाड. एक टोक रुंद, दुसरं अरुंद, म्हणजे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात बसतं. आपल्या आजच्या ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपला सॉकेट असतं अगदी तसं. सांध्याभोवती चुन्याचा जाड लपेटा, त्यात विटांची पूड दिसत होती, गुलाबी झाक असलेली. आतून अंगठा फिरवला तर क्षाराचा थर, गिझरच्या कॉइलवर बसतो तसा कडक, खरबरीत, तीन-चार पदरांचा. म्हणजे हा नळ शोभेचा नव्हता, यातून वर्षानुवर्षं पाणी गेलं. आपल्या भागातलं जड पाणी तेव्हाही जडच होतं. गाइडनं या तुकड्याकडं बोटसुद्धा दाखवलं नव्हतं. त्याला मी म्हटलं, "बाबा, मकबऱ्याचं राहू दे, लोकांना आधी हे दाखव."

महमूद दरवाज्यातून खाम नदी ओलांडली. नदीविषयी जास्त बोलत नाही, ज्यानं वीस वर्षांपूर्वीचा वास घेतलाय त्याला आजचा काठ बरा वाटेल. गेल्या काही वर्षांत कचरा उचललाय, काठ बांधलेत, झाडं लावलीत. पाणी अजून पाणी म्हणावं असं नाही.

बेगमपुऱ्यातला थत्ते हौद हे या फेरीचं खरं देणं. मी या शहरात एवढी वर्षं पाण्याचं काम करतो आणि इथं कधी आलो नव्हतो, कारण इथून कधी कामाचा फोन आला नाही. दाट वस्ती, अरुंद गल्ली, गाड्या उभ्या, वाळत घातलेली कपडे, आणि एकदम समोर दगडी हौद. थत्ते नहरीचं पाणी इथं यायचं. बोर्ड पाहिजे तसा नाही, पार्किंग नाही, चहावालाही नाही. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसले होते. गाइडनं सलाम केला, त्यांनी आम्हाला बसायला जागा करून दिली. म्हणाले, "हमारे बचपन में पूरा मोहल्ला यहींच से पानी भरता था. नल-वल बाद में आए." मग माझ्याकडं बघून, कुणीतरी माझा धंदा सांगितला असावा, विचारलं, "आपके नल में कब आता पानी?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय.

पण इथं एक गोष्ट खटकली. आमच्यातल्या काहींनी ओट्यावर धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटो काढायला सुरुवात केली, 'जुनं शहर' म्हणून. त्या बायका तोंड फिरवून उठून गेल्या. गाइडनं निघण्याआधी दोन वाक्यांत बजावायला पाहिजे होतं की ही लोकांची दारं आहेत. त्यानं नंतर सांगितलं, पण नंतर.

आता बायकोचा मुद्दा, तिनं मुद्दाम लिहायला लावलाय. साडेसहाला निघालेली फेरी साडेनऊपर्यंत शौचालयाशिवाय चालते. पाणचक्कीत सोय आहे, पण तिथं थांबायला वेळ देत नाहीत, आणि पुढं बेगमपुऱ्यात कुठं जाणार? फेरीत निम्म्या बायका होत्या, त्यातल्या तीन-चार पन्नाशीच्या पुढच्या. बाटलीभर पाणी हातात देता, मग दहा मिनिटं थांबाही. एका काकूंनी बेगमपुऱ्यात एका घरी विचारलं, त्या घरच्यांनी आत नेलं, वर चहा पाजला. घरची माणसं चांगली म्हणून भागलं. दर रविवारी कुणाच्या तरी घराची कडी वाजवायची का?

मकबऱ्याला आत नेत नाहीत, बाहेरूनच दाखवतात, आणि हे मला योग्य वाटलं. तो बघायला वेगळा वेळ काढून जावं. गाइडनं 'गरिबांचा ताज' हे शब्द उच्चारले नाहीत, त्यासाठी त्याला वेगळे गुण. तो म्हणाला, याचा वास्तुकार अताउल्ला, आणि अताउल्लाचा बाप उस्ताद अहमद लाहौरी ताजमहालावर होता. मग बांधणी सारखी दिसणारच की. बापाच्या हाताखाली शिकलेला पोरगा बापासारखीच जोडणी करतो. माझा मुलगाही टेफ्लॉन टेप माझ्यासारखीच उलटी गुंडाळतो.

यानंतर रिक्षा करून लेण्यांवर. इथं माझी मोठी तक्रार आहे. शहराच्या मागं, विद्यापीठाच्या पलीकडच्या डोंगरात बारा लेणी आहेत आणि शहरातली निम्मी माणसं तिथं गेलेली नाहीत. वेरूळ-अजिंठा करतात, हे दाराशी आहे ते राहून जातं. पण तीन तास चालून, ऊन डोक्यावर आल्यावर लोकांना पायऱ्या चढायला लावायच्या आणि मग पाऊण तासात उरकायचं, हा प्रकार चुकीचा आहे. आमच्यातले पाच-सहा जण खालीच सावलीला बसले. ही लेणी वेगळ्या सकाळी करावीत, फेरीतून काढून टाका. पाण्याशी त्यांचा काही संबंध लावलेलाही नव्हता. 'हिडन' दाखवायचं म्हणून जोडलेलं शेपूट.

तरी जे चढले त्यांनी तिसऱ्या लेण्यात थांबून बघितलं. गाभाऱ्यात बुद्धाची मूर्ती बऱ्याच लेण्यांत असते. इथं समोर दोन्ही बाजूंना गुडघ्यावर बसलेली भक्तमंडळी आहेत, बायका-पुरुष, जवळपास आपल्याएवढीच, हात जोडलेली, हार घेतलेली. एकेकाचा चेहरा वेगळा, केसांची बांधणी वेगळी, कुणाच्या कानात जड कुंडलं. बॅटरीचा उजेड आडवा पाडला की गालाची गोलाई, खालचा जाड ओठ उठून येतो. राजे-देव बघून मान दुखते आपली, इथं आपल्यासारखी रांगेत बसलेली माणसं आहेत. आणि सातव्या लेण्यात जायला वेळ कमी पडला तरी धावत जा. तिथं बाहेरच अवलोकितेश्वर आहे, त्याच्या दोन्ही अंगांना आठ संकटं कोरलीत: आग, चोर, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. बुडत्या जहाजातली माणसं बघा. समुद्र इथून केवढा लांब, पण या वाटेनं माल बंदराकडं जायचा, त्या व्यापाऱ्यांनीच पैसे दिले असणार, आणि त्यांची भीती त्यांनी भिंतीवर कोरून घेतली. आत गाभाऱ्यात नाचणारी बाई आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या बायका. त्या भिंतीपाशी आमच्या ग्रुपमधले सगळे गप्प झाले, आणि तेवढ्यात गाइडनं घड्याळ दाखवलं.

बॅटरी स्वतःची न्या. मोबाइलच्या उजेडात काही दिसत नाही, नुसते पांढरे ठिपके पडतात.

शेवटी ज्यांना पाहिजे त्यांना गाइड बुढी लेनकडं नान-खलिया खायला घेऊन जातो, ते फेरीच्या पैशात नाही. हळद-गुळाचं पाणी लावलेला पिवळट तकतकीत नान आणि मटणाचा पातळ रस्सा. तुघलकानं दिल्लीहून दौलताबादला लोक आणले तेव्हाचं लष्करी जेवण म्हणतात. मुलीनं दोन नान खाल्ले. बायको गुरुवार-रविवार पाळते म्हणून आम्ही दोघं गुलमंडीला जाऊन पोहे आणि इमरती खाऊन आलो, त्याची मला काही खंत नाही.

एकूण काय, पाचात साडेतीन. भडकल गेट ते थत्ते हौद एवढीच फेरी असती तर साडेचार दिले असते, आणि शौचालयाची सोय केली तर पाच. संभाजीनगरात राहणाऱ्यांनी बाहेरच्यांपेक्षा आधी जावं. पुण्या-मुंबईचे पाहुणे एका दिवसात वेरूळ, मकबरा, दौलताबाद असं उरकणार असतील तर त्यांना यात घालू नका, ते कंटाळतील, इथं झगमगीत काही नाही. लहान पोरांना थत्ते हौदापर्यंत न्या, पुढं नका. गुडघे दुखत असतील तर लेणी सोडा. बूट घाला, बेगमपुऱ्यात गल्ल्यांमध्ये पाणी सांडलेलं असतं, अर्थात ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी.

हर्सूलच्या बाजूला नहरीची मॅनहोलं बघायची वेगळी फेरी थंडीत काढतात, असं गाइड म्हणाला. मी तिथंच नाव दिलं. मी त्याला विचारलं, एका मॅनहोलपासून दुसऱ्यापर्यंत ढाळ किती दिलाय हे कुणी मोजलंय का. त्याला सांगता आलं नाही. म्हणून मी येताना गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घेऊन येतो म्हटलं, पन्नास फुटी टेप पण. मुलीनं बुकिंग करताना 'व्यक्ती' च्या रकान्यात माझ्याबरोबर अजून एक नाव टाकलंय, हेल्पर म्हणून. स्वतःचंच.